शेल्टरमधल्या प्राण्यांच्या उपचारांसाठी पैसे कसे उभे करावेत: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

शेल्टरमध्ये काम सुरू केलं की थोड्याच दिवसांत लक्षात येतं: खाण्याची सोय कशीबशी होते, औषधपाण्याची होत नाही. भात, भाकरी, कोंबडीचे पाय, बिस्किटांचे पुडे देणारी माणसं प्रत्येक गल्लीत भेटतात. एक्स-रे, रक्ततपासणी, सलाईन, भूल, हाडात प्लेट घालायची शस्त्रक्रिया यांचं बिल मात्र एकदम येतं आणि वाट बघत नाही. मग कुणीतरी जखमेचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर मदतीची हाक देतं. पहिल्या हाकेला लोक धावतात, दुसऱ्या हाकेलाही धावतात. पाचव्या-सहाव्या वेळी तीच माणसं गप्प होतात. त्यांना प्राण्यांची कणव नसते असं मुळीच नाही. आपल्या पाचशे रुपयांचं काय झालं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम असा आहे: आधी हिशेब, मग कागदपत्रं, आणि सगळ्यात शेवटी हाक. घाईत असलेले लोक हा क्रम उलटा करतात आणि वर्षभरात थकून काम सोडतात. त्यांच्यामागे प्राण्यांचे हाल होतात.

पहिली पायरी: तुमचं बिल नक्की कशाचं आहे?

गेल्या बारा महिन्यांची डॉक्टरांची आणि मेडिकलची सगळी बिलं एकत्र काढा. काम नवं असेल तर जेवढ्या महिन्यांची असतील तेवढी घ्या. त्यांचे तीन गठ्ठे करा.

पहिला गठ्ठा ठरलेल्या खर्चाचा: लसीकरण, जंताची औषधं, गोचिडांवरचं औषध, नसबंदी, म्हाताऱ्या प्राण्यांच्या कायमच्या गोळ्या. दुसरा हंगामी. पावसाळ्यात अळ्या पडलेल्या जखमा आणि गोचीड ताप वाढतात, पावसाळा सरला की पिल्लांची लाट येते आणि तिच्यामागोमाग पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. तिसरा गठ्ठा अपघातांचा: गाडीखाली आलेली कुत्री, मांज्यात अडकलेले पक्षी, प्लास्टिक खाऊन पोट फुगलेल्या गाई.

हे गठ्ठे करायचे कारण तिन्हींसाठी पैसा वेगवेगळ्या वाटेने येतो. ठरलेल्या खर्चाला दरमहा देणारी माणसं लागतात, हंगामी खर्चासाठी हंगामाच्या आधी एक मोहीम लागते आणि अपघातांसाठी बाजूला ठेवलेला निधी लागतो. अपघाताच्या हाकांवर सगळं शेल्टर चालवायला गेलात, तर लसीला कधीच पैसे उरणार नाहीत. मग लस न टोचलेली पिल्लं पार्व्होने आजारी पडतात, एकेक पिल्लू कित्येक दिवस सलाईनवर राहतं आणि बिल लसीच्या कितीतरी पट होतं. लसीच्या कुपीचा फोटो कुणाच्या काळजाला भिडत नाही, हे खरं आहे. तरीही तिच्यासाठी पैसे मागायला शिका. शेल्टरमध्ये सर्वाधिक जीव तिनेच वाचतात.

ठरलेल्या खर्चात माणसांच्या लसीही धरा. जनावरं हाताळणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची लस आधीच घेतलेली असली पाहिजे. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यावर उपचार नाहीत, ना कुत्र्यासाठी, ना माणसासाठी. हा खर्च देणगीदाराला स्पष्ट सांगा. आजवर त्यावर कुणी नाक मुरडलेलं मी पाहिलेलं नाही.

बिल कमी करणं हीसुद्धा निधी उभारणीच

पैसे मागायच्या आधी कुठे वाचतात ते बघा. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला आहेत. अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. तिथल्या दवाखान्यांत अनुभवी प्राध्यापक डॉक्टर असतात आणि दर खासगीपेक्षा बरेच कमी असतात. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार करतं आहे. तालुक्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन विभागाचा दवाखाना असतो. तिथे गुरांचं काम जास्त असलं तरी ड्रेसिंग, इंजेक्शन आणि लसीसाठी जरूर विचारा. गाई-बैलांसाठी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलावता येतं.

खासगी डॉक्टरांशी घासाघीस करू नका. त्यांच्याकडे बसून वर्षाचं बोला: महिन्याला साधारण किती केसेस येतात, कोणत्या प्रकारच्या, शेल्टरसाठी कोणता दर परवडेल, पैसे किती दिवसांत द्यायचे. ठरलेलं एका कागदावर लिहून घ्या. मेडिकलवाल्याशीही तसंच. उधारी ठेवायची तर तिची मर्यादा आणि फेडायची तारीख ठरलेली हवी. वेळेवर पैसे देणाऱ्या शेल्टरसाठी डॉक्टर रात्री दार उघडतात. ती पत कुठल्याही देणगीइतकीच मोलाची आहे.

पैसे कुणाच्या खात्यात?

नवे लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात. सुरुवातीला सगळे स्वतःचाच यूपीआय क्रमांक देतात. दोन-चार हजारांपर्यंत ते खपतं. पण नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम तुमच्या वैयक्तिक खात्यात आली, तर आयकराच्या दृष्टीने ते तुमचं उत्पन्न ठरू शकतं. शिवाय घरखर्च आणि कुत्र्याचं ऑपरेशन एकाच पासबुकात दिसू लागलं की प्रामाणिक माणसालाही खुलासे देत बसावं लागतं.

तेव्हा तीन वाटा आहेत. तुमच्या शहरात आधीच नोंदणी असलेली प्राणीसंस्था असेल तर तिच्या छत्राखाली काम करा. देणग्या तिच्या खात्यात आणि बिलंही तिच्या नावाने. सुरुवातीला मी हीच वाट सुचवेन. दुसरी वाट तात्पुरत्या मोहिमेची. नोंदणी नसलेल्या गटाला सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घेता येते. गणेश मंडळं वर्गणीसाठी दरवर्षी हीच परवानगी काढतात, त्यामुळे तुमच्या वॉर्डातला मंडळाचा खजिनदार या कामात तुम्हाला उत्तम वाट दाखवू शकतो.

तिसरी वाट स्वतःचा ट्रस्ट. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, ट्रस्टचं वेगळं पॅन, दोन सह्यांनी चालणारं बँक खातं, दरवर्षीचं ऑडिट. त्यानंतर आयकर खात्याकडे १२ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) नोंदणी. ८०जी असेल तर जुनी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला, ठरावीक मर्यादेत, देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ही वजावट नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइनच घ्या. देणगीदाराचं नाव, पत्ता आणि पॅन पावती देतानाच घ्या. वर्ष संपल्यावर त्यांची यादी आयकर खात्याला भरावी लागते, त्याशिवाय त्यांना प्रमाणपत्र मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत. लोक मात्र अजून ‘एटीजी’च म्हणतात. नेमका नियम सीएला विचारून घ्या. प्राण्यांवर माया असणारा एखादा सीए प्रत्येक गावात असतो, त्याला शोधून विश्वस्त करून घ्या.

क्यूआर कोड छापण्याआधी स्वतः स्कॅन करून बघा. तिथे ट्रस्टचंच नाव दिसलं पाहिजे.

महिन्याला देणारी माणसं

सन १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी भुलेश्वरचा पांजरापोळ उभा केला. तो चालवण्यासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वतःहून ठरावीक लागा, म्हणजे धर्मादायासाठीची पट्टी, बसवून घेतला. दर वेळी नव्याने दया मागायची गरज उरली नाही, व्यवहार झाला की पांजरापोळाचा वाटा बाजूला पडे. जवळपास दोनशे वर्षांनीही यापेक्षा चांगली पद्धत मला ठाऊक नाही.

तुमच्यासाठी तिचं रूप साधं आहे. समजा, वर्षाचं उपचाराचं बिल ४,८०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला ४०,०००. त्यातला ठरलेला खर्च निम्मा, २०,०००. याचा अर्थ तुम्हाला महिन्याला २०० रुपये देणारी शंभर माणसं हवी आहेत. ‘प्राण्यांसाठी मदत करा’ म्हणण्यापेक्षा ‘आम्हाला शंभर माणसं हवी आहेत, बासष्ट झाली’ हे सांगणं सोपं असतं आणि ऐकणाऱ्यालाही आपली जागा दिसते.

ही माणसं कुठे मिळतील? अनोळखी जगात शोधू नका. ज्यांनी तुमच्याकडून पिल्लू किंवा मांजर दत्तक घेतलं, ज्यांच्या सोसायटीतल्या कुत्र्यांची तुम्ही नसबंदी करून दिली, ज्यांच्या फोनवरून तुम्ही एखादं जखमी जनावर उचललं, त्या सगळ्यांची एक वही करा. त्यांनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेलं आहे. प्रत्येकाला फोन करा, ग्रुपवर मेसेज टाकून मोकळे होऊ नका. ‘काका, तुम्ही कळवलेली ती काळी कुत्री आता बरी आहे. तिच्यासारख्यांच्या औषधांसाठी महिन्याला दोनशे रुपये द्याल का?’ एवढं पुरतं. हो म्हणाले तर त्याच वेळी यूपीआय ऑटोपे लावून द्या, कारण दर महिन्याला आठवणीने पैसे पाठवणं भल्या माणसालाही जमत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या सगळ्यांना एक पान पाठवा: किती आले, कशावर गेले, किती प्राण्यांवर उपचार झाले, किती बरे झाले, किती गेले. पान छोटं असू द्या, पण एकही महिना चुकवू नका.

आणि अपघातांसाठी वेगळं खातं उघडा. साधारण तीन महिन्यांचं उपचाराचं बिल त्यात साठेपर्यंत प्रत्येक मोठ्या देणगीतला थोडा भाग तिकडे वळवा, देणगीदाराला सांगून. रात्री अकरा वाजता डॉक्टर ‘आत्ताच घ्यावं लागेल’ म्हणतात तेव्हा कुणाच्या ‘हो’ची वाट बघत बसावं लागू नये, यासाठी हे खातं.

एका प्राण्यासाठी हाक द्यायची तर

सगळ्याच केसेससाठी जाहीर हाक द्यायची नसते. निदान झालेलं आहे, खर्चाचा लेखी अंदाज हातात आहे आणि उपचाराने प्राणी बरा होण्याची वाजवी शक्यता आहे, अशीच केस निवडा. डॉक्टरांना सरळ विचारा: ‘हा वाचेल का? वाचला तर कसा जगेल?’ उत्तर वाईट असेल तर लोकांकडून पैसे मागून त्या जिवाच्या वेदना लांबवू नका. तो निर्णय डॉक्टरांसोबत घ्यायचा असतो, ग्रुपवरच्या कौलावर नाही.

एक चांगलं उदाहरण टीव्हीटीचं. समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरणारा हा ट्यूमर दिसायला भयंकर असतो, रक्त गळत असतं, लोक घाबरून कुत्र्याला हाकलतात. पण व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या इंजेक्शनांना तो फार छान दाद देतो. आठवड्याला एक, बहुधा चार ते सहा, आणि प्रत्येक वेळी आधी रक्ततपासणी. म्हणजे खर्च आधी सांगता येतो, शेवट कधी होईल ते सांगता येतं आणि बरं झालेलं जनावर दाखवता येतं. हाक अशी असू शकते, आकडे नमुन्यादाखल:

‘तांबू, अंदाजे चार वर्षांचा कुत्रा. टीव्हीटी हा ट्यूमर आहे, उपचाराने बरा होण्यासारखा आहे. आठवड्याला एक याप्रमाणे सहा इंजेक्शनं, रक्ततपासण्या आणि नंतर नसबंदी मिळून अंदाजे ९,००० रुपये लागतील. डॉक्टरांचं कोटेशन सोबत आहे. आत्तापर्यंत २,५०० जमले. खातं आणि क्यूआर ट्रस्टच्या नावाचे आहेत. जास्त जमले तर उरलेली रक्कम उपचार निधीत जाईल. पुढची बातमी रविवारी संध्याकाळी इथेच.’

यात रडगाणं नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. उरलेल्या पैशाबद्दलचं वाक्य कधीही गाळू नका. तांबूसाठी आलेले पैसे न सांगता दुसऱ्या कुत्र्यावर खर्च केले, तर तुमचा हेतू कितीही चांगला असो, विश्वास तिथेच तुटतो. आणि रक्कम पुरी झाली की त्याच क्षणी ‘पूर्ण झाले, आता पाठवू नका’ असं जाहीर करा. हे वाचून लोक पुढच्या वेळी जास्त देतात.

हाडाच्या शस्त्रक्रियेचा अंदाज मांडताना फक्त ऑपरेशनचा आकडा लिहू नका. त्यानंतर कित्येक आठवडे पिंजऱ्यात विश्रांती, ड्रेसिंग, पुन्हा एक्स-रे आणि वेदनेची औषधं लागतात. हा भाग विसरला की दुसरी हाक द्यावी लागते, आणि एकाच प्राण्यासाठीची दुसरी हाक लोकांना खटकते.

मोठ्या रकमेसाठी मिलाप, केटो यांसारख्या ऑनलाइन मंचांवर मोहीम लावता येते. त्यांचे शुल्क आणि पैसे काढण्याच्या अटी आधी वाचा. बिल आणि कोटेशन तयार ठेवा. तिथेही पहिले देणारे तुमच्या ओळखीचेच असतात. मोहीम जाहीर करण्यापूर्वी ओळखीच्या काही जणांना पहिल्याच दिवशी देण्याची विनंती करून ठेवा.

फोटोबद्दल

उघडी जखम पहिल्याच फोटोत टाकू नका. पाहणारा डोळे मिटून पुढे जातो आणि पुढचं वाचत नाही. चेहऱ्याचा फोटो पुढे, जखमेचा हवाच असेल तर मागे आणि आधी सूचना देऊन. उपचार चालू असताना प्राण्याला फोटोसाठी उठवू-हलवू नका. दुसऱ्या संस्थेचा किंवा जुना फोटो वापरणं ही फसवणूक आहे, मग उद्देश काहीही असो. शेल्टरचा पत्ता आणि नेमकी जागा लिहू नका. लिहिलीत तर दुसऱ्या दिवशी दारात पिल्लांची खोकी ठेवलेली आढळतात.

प्राणी गेला तर तेही सांगा. ‘तांबू काल पहाटे गेला. चौथ्या इंजेक्शनानंतर रक्तातल्या पेशी फार कमी झाल्या होत्या. ६,२०० रुपये खर्च झाले, बिलं सोबत आहेत. उरलेले निधीत जमा केले.’ असं लिहिताना हात जड होतो. पण ज्यांनी पैसे दिले त्यांचाही तो थोडासा झालेला असतो, आणि त्यांना तुमच्याकडूनच कळायला हवं.

सण, वाढदिवस, पुण्यतिथी

आपल्याकडे जनावराला घास देणं संस्कारातच आहे. पितृपक्षात गाईला, कुत्र्याला, कावळ्याला पान वाढलं जातं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आणि मागे गाय उभी असते. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. या दिवसांआधी लोकांना सांगा: या वर्षी एक घास औषधाचा द्या. आई-वडिलांच्या पुण्यतिथीला दहा पिल्लांची लस, मुलीच्या वाढदिवसाला एका कुत्रीची नसबंदी. रक्कम आधीच ठरवून लिहा आणि पावतीवर त्या व्यक्तीचं नाव घाला. पितृपक्ष नेमका पावसाळ्याच्या शेवटी येतो, म्हणजे पिल्लांच्या लाटेआधी. पार्व्होच्या लसींची मोहीम तेव्हाच लावा.

वस्तू देणारेही भेटतील. जुन्या चादरी, रद्दी, टॉवेल, कापूस, हातमोजे आनंदाने घ्या. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नका. साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

कंपन्या, सरकार, परदेशातले नातेवाईक

कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत प्राणीकल्याण येतं, म्हणून सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी खर्चायचा, पैसा मिळू शकतो. त्यासाठी १२ए, ८०जी, सीएसआर-१ नोंदणी आणि सहसा तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. पहिल्या वर्षी यामागे धावू नका. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची मान्यता जरूर घ्या, अनुदानाचा अर्जही करा, पण ते येईपर्यंत औषधाच्या हिशेबात धरू नका. गोशाळांना देशी गाईंसाठी राज्याचं अनुदान आहे, पण त्यातला मोठा भाग चाऱ्यातच जातो.

दुबईला किंवा न्यू जर्सीला राहणारा भाचा पैसे पाठवतो म्हणाला, तर त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असलं तरी, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय तो पैसा ट्रस्टला घेता येत नाही. इथे माहीत नव्हतं म्हणून सुटका होत नाही.

पैसे पुरले नाहीत तर

असं होणारच. तेव्हा आधी डॉक्टरांना खरं सांगा आणि विचारा: आज काय केलंच पाहिजे आणि काय आठवडाभर थांबू शकतं? वेदना कमी करणं आणि रक्तस्राव थांबवणं आज. प्लेट घालायचा दिवस कदाचित पुढे ढकलता येईल, पण किती ते डॉक्टरच सांगतील. पशुवैद्यकीय महाविद्यालयाला फोन करा. शेजारच्या शहरातल्या संस्थेला विचारा, त्यांच्याकडे निधी नसला तरी अतिदक्षता पिंजरा किंवा सर्जन असू शकतो. त्यानंतर तुमच्या महिन्याच्या देणगीदारांपैकी ज्या पाच-सहा जणांनी ‘गरज पडली तर सांगा’ म्हटलं आहे, त्यांना एकेकाला फोन करा आणि नेमकी कमी पडणारी रक्कम सांगा. जाहीर हाक शेवटी. आणि नवे प्राणी आत घेणं तेवढे दिवस थांबवा. दाखल असलेल्यांचं औषध चुकत असताना नवा जीव आत घेतला तर दोघांनाही पुरेसे उपचार मिळत नाहीत. ज्याने फोन केला असेल त्याला दुसऱ्या संस्थेचा नंबर द्या, आणि त्या संस्थेला तुम्ही स्वतः फोन करून कळवा.